दोरीवरच्या बावीस चादरी

४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तब्येत बरी असेल आणि जेवण वेळेवर होत असेल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. दोन वर्षांत तुझी दोन पत्रं आली, त्यातल्या एकात तर फक्त नवा पत्ता होता. फोन तू उचलत नाहीस. असो, मोठी मी आहे, तेव्हा पुन्हा मीच लिहिते.

बातमी अशी की आपलं गाव उठलं! हो, हेच गाव. जाताना तू म्हणाला होतास की आता इथे तळ्यातले बेडूकसुद्धा राहणार नाहीत. काल माझ्या निवासातल्या अकरापैकी आठ खोल्या पाहुण्यांना लागल्या होत्या. सकाळी न्याहारीची अंडी उकडता उकडता तुझे भाऊजी चक्क गाणं गुणगुणत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा माणूस दुसऱ्यांदा गुणगुणला.

पहिल्यापासून सांगते. गेली काही वर्षं कशी गेली ते तुला ठाऊक आहे. कारखान्यांनी माणसं कमी केली, महागाईने कंबरडं मोडलं, आणि लोकांनी सगळ्यात आधी काय सोडलं तर सहली. तू गेल्यावर तर आणखीच उतरती कळा लागली. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी दारात गाडी थांबली. एक आजी, त्यांचा मुलगा आणि सून. माना आखडलेल्या, कपडे चुरगळलेले. चहा मिळेल का, म्हणाले. मी विचारलं, रात्री कुठे उतरला होतात?

"गाडीतच झोपलो," सून म्हणाली. "गावात खिडकी खिडकीत दिवे, दारांपुढे गाड्या. सगळं भरलेलं दिसलं, मग विचारायचं तरी कुठे?"

धाकट्या, गावात मिळून सेहेचाळीस खोल्या आहेत. त्या रात्री त्यातली एकसुद्धा लागलेली नव्हती.

त्यांना चहा दिला आणि तशीच, पदर खोचलेला, वरच्या वळणावर गेले. फुल्लशेठकडे. आठवतो ना तो लॉजवाला? कधीही विचारा, "फुल्ल आहे!" वीस वर्षं आम्ही एकमेकांकडे मान हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, कारण त्याचा पाहुणा तो माझा गेलेला पाहुणा. मी सरळ विचारलं, "शेठ, काल किती होते?" सवयीने म्हणाला, "फुल्ल..." आणि माझ्या तोंडाकडे बघून मटकन खुर्चीत बसला. "कुणीच नव्हतं हो."

दुपारी सगळ्यांना बेकरीत बोलावलं. मग फुल्लशेठनेच सांगितलं, संध्याकाळ झाली की मी स्वतः खोल्याखोल्यांतून फिरून रिकाम्या खोल्यांचे दिवे लावतो. झालं, एकेकाचं बिंग फुटायला लागलं. खानावळवाल्याच्या दारातल्या तीन गाड्या त्याच्या मेव्हण्याच्या, तिन्ही बंद पडलेल्या. गिऱ्हाईक बदललंसं वाटावं म्हणून दर दोन दिवसांनी तो आणि त्याची बायको त्या ढकलून जागा बदलायचे! किल्ला दाखवणारे आपले गाइड मास्तर रोज सकाळी वर जाऊन दगडांपुढे अख्खी माहिती खणखणीत आवाजात सांगायचे, खाली ऐकू यावी म्हणून. बेकरीवाल्या काकू रिकामी भट्टी पेटवून धूर काढायच्या. आम्ही पोट धरधरून हसलो. मग काकूंना रडू आलं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांचं बरं चाललंय, बुडतोय तो आपण एकटेच.

मी काय सांगितलं? अरे बाबा, मला तर बैठकीची अध्यक्ष केलं होतं. अध्यक्षाने ऐकायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेतला जुना फळा आणला आणि हमरस्त्याच्या फाट्यावर उभा केला. त्यावर रोज सकाळी खरं लिहायचं. पहिल्या दिवशी लिहिलं: "आज गावात ४६ खोल्या रिकाम्या आहेत. भुतं नाहीत, गाद्या मऊ आहेत, या." जाणारे थांबायला लागले, हसायला लागले, फळ्याचे फोटो काढून पाठवायला लागले. सध्या लांबचा प्रवास कुणाला झेपत नाही, पण दोन तासांवरच्या गावाला जाऊन एक दिवस मोकळा श्वास घ्यावासा सगळ्यांना वाटतो. आता माझ्याकडे जागा नसली तर मी पाहुणा फुल्लशेठकडे पाठवते. त्याचे पाहुणे सकाळी मास्तरांबरोबर किल्ल्यावर जातात, उतरले की काकूंच्या गरम पावावर तुटून पडतात. भट्टीचा धूर आता खरा आहे.

फळ्यावरची शेवटची ओळ मात्र रोज तीच असते: "बोट: बंद." रोज दहा जण विचारतात, का बंद? तुझ्या बोटीचा परवाना ३० तारखेला संपतोय. जलविभागाचा कारकून म्हणाला, तो एकदा संपला की तळ्याच्या धक्क्यावर नवीन बोटीला परवानगी देणार नाहीत, आणि नूतनीकरणाला परवानाधारक स्वतः हजर हवा.

तेव्हा चार दिवसांची रजा काढ आणि ये. मागचं मागे टाकू. तुझं माझं काही मोठं भांडण झालेलं नाही.

तुझी ताई

१३ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. "बोट विकून टाक. तुझ्याकडे माणसांची कधीच कमी नव्हती, मिळेल कुणीतरी घेणारा."

मी आधी चिडले. दोन पानं खरमरीत उत्तर लिहिलं. तुझ्या लहानपणापासूनचे सगळे हट्ट काढले, मी तुला पोहायला शिकवलं तेही काढलं. भाऊजींनी कार्ड वाचलं, टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "त्याला चादरींचं लिहिलंस का?"

"सगळं लिहिलंय," मी म्हणाले.

"सगळं म्हणजे चादरींचं?"

कमी बोलतात, पण वर्मावर बोट ठेवतात. मी ती दोन पानं फाडली आणि आता हे लिहायला बसले आहे. अर्धा तास झाला, इथपर्यंतच आले आहे. मध्ये उठून दोनदा चहा केला.

तो दिवस तुला आठवत असणारच. तू मागच्या दाराशी आलास. तोंडाने हसत होतास, पण हातातली टोपी पिळत होतास. म्हणालास, "ताई, आठवडा झाला, बोट हलली नाही. चार माणसं तरी पाठव." आणि मी म्हणाले, "माझ्या पाहुण्यांना पाण्याची भीती वाटते रे." तू माझ्या खांद्यावरून अंगणातल्या दोरीकडे बघितलंस आणि बोटाने मोजलंस. "बावीस चादरी, ताई. बावीसच्या बावीस जण घाबरट?" दुपारी बोट काठावर ओढून उलटी केलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास.

त्या चादरींवर कुणीही झोपलं नव्हतं.

त्या आठवड्यात माझ्याकडे एक माणूस नव्हता. त्याच्या आधीच्या आठवड्यातही नव्हता. रोज सकाळी मी कपाटातल्या घडीच्या, स्वच्छ चादरी काढायची, पाण्यातून बुचकळायची आणि दोरीवर टाकायची. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसावं, फुल्लशेठला दिसावं, म्हणून. एक दिवस निळ्या, एक दिवस पांढऱ्या, म्हणजे कुणाला संशय नको. फुल्लशेठच्या दिव्यांना मी हसले खरी, पण हे सोंग गावात सगळ्यात आधी मीच सुरू केलं. माझ्या चादरी बघून त्याने दिवे लावले, त्याचे दिवे बघून खानावळवाल्याने गाड्या ढकलल्या.

मागच्या पत्रात त्या आजींचं पुढचं वाक्य मी गाळलं होतं. चहाचा कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे यायचं मनात होतं हो. पण दोरीवर एवढ्या चादरी, म्हटलं इथे कसली जागा मिळतेय?"

बेकरीतही मी नुसती ऐकत नव्हते. सगळ्यांचं झाल्यावर उभी राहिले आणि हेच सगळं सांगितलं. तुझंही सांगितलं. त्या वेळी कुणी हसलं नाही.

तुला का नाही सांगितलं, हे तू विचारशील. तुझी शहरातली बरी नोकरी सोडायला लावली कुणी? मीच ना? "बोट घे, माणसं मी देते, मी आहे ना," असं छातीठोकपणे म्हणाले होते. माझ्याकडे कुणी नाही हे सांगायचं म्हणजे तुला मी खड्ड्यात घातलं हे कबूल करायचं. त्या दाराशी मी एका क्षणात ठरवलं की तू मला स्वार्थी म्हटलेलं चालेल, पण हरलेली म्हणायला नको. भावाच्या मनात सख्खी बहीण कायमची वाईट झाली, तरी तोंड उघडलं नाही. माझं चुकलं, धाकट्या. फार चुकलं. तू मला त्या दिवशी सोडून गेला नव्हतास, तुला मी घालवलं.

बोट विकायची असेल तर विक, ती तुझी आहे. पण स्वतः येऊन विक. मी तिला हात लावणार नाही. भाऊजींनी मात्र लावला, मला न विचारता. तिच्या सगळ्या फटी बुजवून डांबर दिलंय. तीस तारखेची आठवण पुन्हा करून देत नाही. दिली, म्हण हवं तर.

तुझी,
अध्यक्ष वगैरे काही नसलेली
ताई

२२ एप्रिल

माझ्या धाकट्या,

तुझं कार्ड आज सकाळी मिळालं. शुक्रवार सकाळच्या गाडीची वेळ आणि खाली तीन शब्द: "वल्ही कुठे आहेत?"

मी ते बेकरीत मोठ्याने वाचलं. फुल्लशेठने काउंटरवर अशी थाप मारली की बिस्किटांची बरणी कलंडली. काकू त्याला ओरडल्या आणि मग त्यालाच एक बिस्कीट दिलं. मास्तर कुणाला काही न सांगता सायकल काढून फाट्यावर गेले. आम्ही मागून पोचलो तेव्हा त्यांनी "बंद" पुसून वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "बोट: शनिवारपासून." लिहून झाल्यावर दोन पावलं मागे सरून, शुद्धलेखन तपासावं तसं बघत उभे होते.

वल्ही माळ्यावर आहेत. फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. दर दोन महिन्यांनी काढून तेल लावत होते. आपण चुकलो नाही असं दिवसभर स्वतःला सांगायचं आणि वल्ह्यांना मात्र तेल लावायचं, अशी तुझी बहीण. परवान्याचं कार्यालय अकराला उघडतं. भाऊजी तुला गाडीवरून थेट तिथे नेतील. त्यांनी कागद लावून ठेवलेत आणि शुक्रवारी घालायचा सदरा आजच इस्त्री केलाय. शनिवारच्या पहिल्या फेरीला आठ जागा आणि विचारणारे सतरा. त्यात त्या आजी आहेत! गाडीत झोपलेल्या त्याच. या वेळी सूनबाईंच्या माहेरची माणसंही घेऊन येताहेत. मी त्यांना फोनवर विचारलं, पाण्याची भीती वाटत नाही ना? म्हणाल्या, "पाण्याची नाही, तुमच्या दोरीची वाटते."

आज फळ्यावर पहिल्यांदा लिहिलं, "रिकाम्या खोल्या: शून्य." फाट्यावर एका गाडीवाल्याने फुल्लशेठला विचारलं, जागा आहे का? आयुष्यभर खोटं "फुल्ल" म्हणत आलेल्या त्या माणसाला आज खरं म्हणायची पाळी आली, तर तो नुसता फळ्याकडे बोट दाखवत राहिला. शेवटी मास्तरांनी सांगितलं. मग त्या गाडीवाल्याला आम्ही पलीकडच्या गावातल्या घरगुती निवासाचा पत्ता दिला. तिथेही फळा लावायचा म्हणताहेत, मास्तर खडू घेऊन जाणार आहेत. दिवस अजून काही सुधारलेले नाहीत. कारखान्याच्या बातम्या तशाच आहेत, पुढच्या हंगामात काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. पण आता कुणाकडे माणसं नसतील तर ते सगळ्यांना कळेल, आणि तेवढ्याने मला रात्री झोप लागते.

सकाळी चादरी धुतल्या. खऱ्या, मळलेल्या! एकीवर चहाचा डाग, एकीवर कुणाच्या तरी किल्ल्यावरच्या मातीच्या पायांचे ठसे. पायांचे ठसे बघून मला इतका आनंद झाला की ती चादर मी पाण्यात घालेचना. भाऊजी म्हणाले, "फ्रेम करायची का?" आणि परत गुणगुणायला लागले. तिसऱ्यांदा.

आता एक सांगायचं राहिलं. यापुढे तुझ्यापासून काही गाळायचं नाही असं ठरवलंय. दोरीवर आज बावीस नाहीत, वीसच चादरी आहेत. कोपऱ्यातली, धक्का दिसतो ती खोली मी कुणाला दिलेली नाही. खिडकी उघडी ठेवलीय, गादीला ऊन दाखवलंय, दोन्ही चादरी घडी करून पायथ्याशी ठेवल्या आहेत. म्हणजे फळ्यावरचा शून्य खरा नाही. सगळ्या गावाला खरं बोलायला लावून मी स्वतःच पुन्हा खोटं लिहिलं. हे फक्त भाऊजींना माहीत आहे, आणि आता तुला.

शुक्रवारी ये आणि तो शून्य खरा कर.

वीस चादरी वाळत घालून बावीसची वाट बघणारी,
तुझी ताई