वसंताचं पिवळं कुलूप

सातारा, १४ नोव्हेंबर १९९९

आज सांगलीला वर्गमित्र वसंताच्या हळदीच्या दुकानी गेलो आणि जीव जळला. शाळेत कविता म्हणण्याचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, तेव्हाही असाच जळलो होतो. एक कडवं विसरला होता, तरी! आता वेबसाइटसाठी पैसे भरून सुरक्षेचं प्रमाणपत्र आणलंय. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात इवलंसं पिवळं कुलूप दिसतं. प्रमाणपत्र छापून, चौकटीत घालून गणपतीशेजारी टांगलंय. वर हार!

घरी येऊन मुलाला म्हटलं, आपल्याही हळदीच्या वेबसाइटला कुलूप घे.

"आवं आबा, आपल्यात नुसता पत्ता आन् फोन हाय. चोरणार काय? वसंतकाका गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर घेत्यात, त्यास्नी पायजे."

पटलं. घ्यायचं नाही, ठरलं. तरी ते कुलूप डोळ्यांपुढून हलेना. मुलगा जेवायला उठल्यावर वसंताची वेबसाइट उघडली आणि त्याचीच किलोभर हळद मागवायला बसलो. मी, हळदीचा व्यापारी! मागणीचा अर्ज उघडताच कोपऱ्यात कुलूप उमटलं. काय देखणं! खाली कार्डाचा नंबर मागत होते. माझ्याकडे कुठलं कार्ड?

बसलो कुलपाकडे बघत. आणि शाळेत वसंता विसरला होता ते कडवं त्या कुलपाला म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही.