शिवारफेरीच्या यादीतलं नाव

६ मे, शनिवार

श्वेताने आमच्या गच्चीवरच्या शिवारफेरीची यादी पाठवली. शेजारच्या नलूताईंची सून. फॉर्म, नावं सगळं तीच बघते. एकवीस तारखेसाठी आत्तापर्यंत एकतीस जण. चष्मा लावून वाचत गेले.

एकोणिसावं नाव केतकी सावंत. राहणार शिवडी. सोबत एक मैत्रीण. जेवणार, हो.

दुसरी कोणी असेल म्हटलं. सावंत काय कमी आहेत? पण 'आमच्या गच्चीवर याआधी आला आहात का' ह्याच्यापुढे लिहिलंय, हो. अळू मी लावलं होतं.

म्हणजे आमचीच.

वर जाऊन वांग्यांना पाणी घातलं. हे विचारत होते किती नावं झाली. म्हटलं एकतीस.

८ मे, सोमवार

ह्यांचं भाषण पाठ करणं सुरू. दरवर्षी तेच भाषण, तरी दरवर्षी पाठ करतात. "इथे आमची चाळ होती. वडील गिरणीत. चाळ गेली, ही सात मजली बिल्डिंग आली, तेव्हा मी गच्ची मागून घेतली. शिवडीच्या गोडाऊनमध्ये नोकरी, तिथले रिकामे निळे ड्रम आणले. आज बासष्ट ड्रम आहेत. लोक चेष्टेने शेत म्हणायचे. आता खरंच शेत म्हणतात." इथे थोडं थांबायचं, लोक हसतात.

मी कांदा चिरत ऐकलं. "बरं झालं का?" म्हणाले. बरं म्हटलं.

नाव सांगितलेलं नाही.

११ मे, गुरुवार

शिवडी म्हणजे इथून बसने वीस मिनिटं. इतकी जवळ राहते.

साडेचार वर्षं झाली. एकदा लिहूनच टाकते.

दिवाळी झाल्यावर केतकी बॅग घेऊन आली होती, सासरहून, अँटॉप हिलहून. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. म्हणाली, तो हात उचलतो. मी विचारलं, कशावरून? असं विचारलं मी. अकरा दिवस राहिली. हे म्हणाले, लोक विचारतायत, दोन्ही घरांचं नाव आहे. मी म्हटलं, जरा सांभाळून घे, पहिलं वर्ष असंच असतं. छत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. वॉर्डात अशा किती पोरी आल्या. त्यांच्या आयांना मी काय काय सुनावलंय.

बाराव्या दिवशी टॅक्सी केली. मीच सोबत गेले. कॉलनीत तिसरा मजला. जावयाने दार उघडलं. चहा झाला. दोनच्या ड्यूटीला वेळेत पोचले.

पुढच्या जुलैत त्याचाच फोन आला, निघून गेली म्हणून. आमच्याकडे आली नाही. एक मेसेज आला. 'मी बरी आहे. शोधू नका.' ह्यांनी शोधलं नाही. मीही नाही. लॉकडाऊनमध्येसुद्धा काही नाही.

लिहिलं. आता डाळ भिजत घालायची आहे.

१४ मे, रविवार

न.ताई आल्या होत्या, जेवणाचं ठरवायला. अळूचं फदफदं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, भरीत, भाकरी, भात, सोलकढी, आमरस. अळू, वांगी, मिरच्या, लिंबं आपल्या गच्चीवरची. केळीची पानं निम्मी आपली, बाकी दादरच्या मार्केटातून.

नमुन्याला वाटाणे केले. न.ताई चाखून म्हणाल्या, "सुषमा, तुझा लक्ष खंय आसा गो? मीठ दोनदा घातलंस."

खरंच दोनदा घातलं होतं. मला खारट लागलंच नाही. दोन दिवस कशालाच चव नाहीये.

ताप नाही. बघितला.

१७ मे, बुधवार

यादी अडतीसवर. श्वेताने सगळ्यांना मेसेज केला, नऊ वाजता या, टोपी आणा, पाण्याची बाटली आणा. केतकी सावंतचं उत्तर, 'ओके'. श्वेता लग्न होऊन इथे आली ती मागच्या वर्षी. तिला काय माहीत.

नंबर माझ्यासमोर आहे. लावला नाही.

ह्यांना सांगायला हवं. सकाळी दोनदा तोंड उघडलं. एकदा ते बातम्या बघत होते. एकदा नुसतेच बसले होते.

२० मे, शनिवार

मांडव झाला. हिरवी जाळी दुहेरी बांधली, तरी अकरानंतर फरशी तापतेच. म्हणून पंगत साडेदहाला. गोणपाटं भिजवून अंथरायची, त्यावर चटया. ह्यांनी सगळे ड्रम पुसले. मिरचीची चाळीस रोपं पिशव्यांत भरली, जाताना प्रत्येकाला एक.

कपाटातून हिरवी साडी काढली. परत ठेवली. रोजचीच नेसेन.

सांगितलं नाही ते नाहीच.

२१ मे, रविवार

संध्याकाळचे सहा. भांडी झाली. न.ताई आत्ताच गेल्या. बसून लिहितेय.

सव्वानऊला आली. मी जिन्याच्या तोंडाशी कोकम सरबत देत होते. आधी मैत्रीण, प्रज्ञा नाव, ऑफिसात बरोबर असते. मागे केतकी. केस मानेपर्यंत कापलेत. चष्मा लागलाय. मी ग्लास पुढे केला. घेतला. "थँक यू" म्हणाली. प्रज्ञाला माहीत असणार मी कोण, ती खाली बघत होती. मागे लोक उभे होते, मी पुढचा ग्लास भरला.

हे चाळीच्या मोरीमागचं अळू सांगत होते. मधेच थांबले. लोक बघायला लागले. मग "तर अळू" म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. भाषण पूर्ण केलं. हसायच्या जागी लोक हसलेसुद्धा.

ती सगळ्यांच्यात फिरली. पडवळ बघितलं, ड्रमला भोकं कुठे पाडतात ते वाकून बघितलं. स्वतःच लहानपणी पाडलेली असून. मी पाण्याचा जग घेऊन मागे मागे.

कढीपत्त्यापाशी एका बाईंनी तिला विचारलं, हे झाड किती वर्षांचं? परत विचारलं. ती समोर बघत राहिली. त्या डाव्या हाताला उभ्या होत्या. मग लक्ष ठेवलं. कोणी बोललं की मान वळवून उजवा कान पुढे करते. प्रज्ञा सारखी उजवीकडेच चालते.

जग खाली ठेवला. हात भरून आला होता.

पंगतीत न.ताईंनी ओळखलं. हातातली भाकरीची टोपली तशीच, "केतू गो! बाय माझ्या, इतक्या वर्षांनी!" आणि गालावरून हात फिरवला. केतकी हसली. न.ताईंकडे बघून हसली. "नलूमावशी, भाकरी अजून तशीच करतेस?" "म्हातारी झालंय, आता काय करतंय तशी. तू जेव." मला म्हणाल्या, "चेडवाक वाढ आधी."

मुलीला वाढलं. अळू दोनदा घेतलं. भात विचारला तर "थोडा". एवढंच बोलणं.

हे वाढायला आले नाहीत. टाकीच्या मागे रोपांच्या पिशव्या मोजत बसले होते. म्हणे.

हात धुवायला ती नळावर आली तेव्हा मी तिथे होते. मुद्दाम होते.

"कान?" म्हटलं.

"हं."

"कधी?"

"तू सोडून गेलीस त्याच्यानंतर. संक्रांतीला. पडदा गेला."

"दाखवलंस कुठे?"

"उशिरा."

नळ वाहत होता, तिनेच बंद केला. मी पदर पुढे केला हात पुसायला. तिने रुमाल काढला.

मग म्हणाली, "आई, तू चहा प्यायलीस. मी आत बॅग ठेवायला गेले. मला वाटलं, बाहेर येऊन म्हणशील, चल परत. बाहेर आले तर तू त्याच्याबरोबर चहा पीत होतीस. बिस्कीट पण घेतलंस."

"हो."

"मला तुला हे सांगायचं होतं. फोनवर नाही. तोंडावर."

मी परत हो म्हटलं. रडू यायला हवं होतं, तिलाही आणि मलाही. कोणालाच आलं नाही. पंगतीतून कोणीतरी सोलकढी मागितली, मी गेले.

जाताना जिन्यापाशी हे रोपं देत होते. सगळ्यांना तेच सांगत होते. तिलाही सांगितलं, "पहिले चार दिवस सावलीत ठेवा." ठेवा म्हणाले. स्वतःच्या मुलीला. "ठेवते," ती म्हणाली. वळली. तेव्हा ह्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, हळू. मी लांब होते, ओठ हलताना दिसले. ती तशीच उतरून गेली. हे पुढची पिशवी हातात धरून उभे. मागच्या माणसाने स्वतःच ती काढून घेतली.

सगळे म्हणाले फार छान झालं. अळूची कृती विचारली चार जणींनी.

२२ मे, सोमवार

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "तुला माहीत होतं ती येणार."

"हो."

"सांगायचंस."

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

पेपर उलटा-सुलटा केला. दुपारी जेवताना परत काढलं.

"मी बोललो तिच्याशी. जाताना. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढा राग."

"कुठल्या बाजूला होता तुम्ही?"

"म्हणजे?"

"तिच्या डाव्या की उजव्या?"

आठवलं. डावा हात वर केला.

मग सांगितलं. संक्रांत, पडदा, उशिरा, सगळं. वॉर्डात नातेवाइकांना सांगायचे तशा आवाजात. तोच आवाज आला.

हातातला घास ताटात परत ठेवला. "म्हणजे ऐकूच आलं नाही तिला?"

"नाही."

"मला वाटलं..."

"काय म्हणाला होतात?"

उठले. हात धुतला, वर गेले. दोनचं ऊन. मी आमटी झाकून ठेवली. तासाने खाली आले तेव्हा बघितलं, चपला घरातच राहिल्या होत्या. दोन्ही तळवे भाजलेत, उजव्याला फोड. मलम लावलं. पाय माझ्या मांडीवर होता तेव्हा परत विचारलं, काय म्हणाला होतात. भिंतीकडे तोंड केलं.

२३ मे, मंगळवार

शेतात ह्यांच्याऐवजी मी. बासष्ट ड्रमांना पाणी म्हणजे दीड तास. मांडव सोडायला माणूस आला.

अळूच्या ड्रमपाशी उभं राहून तो चहा आठवायचा प्रयत्न केला. कप आठवत नाही. बिस्कीट आठवत नाही. घड्याळ आठवतं फक्त, एक वाजून दहा मिनिटं.

२५ मे, गुरुवार

दुपारी केतकीचा मेसेज. माझा नंबर जपलाय म्हणजे.

'रविवारी अकराला ये. एकटी ये.' खाली पत्ता. शिवडीला, स्टेशनच्या पूर्वेला, दुसरा मजला.

'येते' असं लिहिलं. आणखी लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. 'येते' एवढंच पाठवलं.

न.ताईंना सांगितलं. म्हणाल्या, "जा. आणि थंय जाऊन शहाणपणा शिकवू नको. ती बोलात ता ऐक."

बरं म्हटलं.

२७ मे, शनिवार

ह्यांना सकाळी सांगितलं. उद्या केतकीकडे जातेय, शिवडीला. तिने बोलावलंय, अकराला.

"बोलावलंय?" म्हणाले. म्हटलं हो. ऐकून घेतलं. पायाचा फोड बसलाय, दिवसभर वर-खाली केलं. काही विचारलं नाही.

चारला इस्त्रीची फळी लावल्याचा आवाज आला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, इस्त्री कधी हातात घेतलेली बघितली नाही. बघितलं तर चौकडीचा निळा शर्ट. कॉलर दोनदा केली. बाहीला दुहेरी घडी पडली, पाणी मारून परत केली. मी दारात उभी.

वर न बघताच म्हणाले, "तिच्या उजव्या बाजूला बसेन. आधीच सांगून ठेव मला कुठे बसायचं ते."

मग म्हणाले, "साडेदहाला निघूया ना? बसला वेळ लागेल."

मी हं म्हटलं.

शर्ट दाराच्या हुकला लावलाय. हे खाली दाढी करायला गेलेत, सलूनमध्ये. आल्यावर सांगायला हवं. मेसेज परत उघडून बघितला. एकटी ये, असंच लिहिलंय.