बाबांची तेलुगू

नागपूर

तीर्थरूप आईस, मिनलचा नमस्कार.

बाबा आता बरे आहेत. काल भिंतीला धरून दारापर्यंत चालले आणि डाव्या हाताने का होईना, वरणभात स्वतः खाल्ला. अमोल शाळा बुडवत नाही ना? तू वेळेवर जेवतेस ना?

फोनवर तू म्हणालीस, "घरची भाषा विसरले अन् धाब्यावरची ध्यानात हाये!" आई, ते मुद्दाम करत नाहीत गं. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यानंतर प्रत्येकाचा मेंदू वेगळा वागतो. कुणाची लहानपणची भाषा आधी परत येते, कुणाची मोठेपणी शिकलेली. वाडी नाक्याहून हैदराबादला ट्रक नेताना बाबा तेलुगू शिकले, त्यांची तीच आधी आली. मराठी कधी येईल, असं विचारलं की डॉक्टर "बघू" म्हणतात. घरात मी एकटी पदवीधर, म्हणून सगळं समजल्यासारखी मान हलवते.

शेजारच्या खाटेवर सिरोंच्याचे मल्लय्याकाका आहेत. त्यांच्याशी बाबा तेलुगूत हसून बोलतात. मी "बाबा, मले ओळखलं काय?" म्हटलं की खिडकीकडे पाहतात.

काकांनी मला एक शब्द शिकवला आहे. रविवारी येण्याआधी तो तूही पाठ कर. "तिन्नारा?" म्हणजे "जेवलात का?" मी विचारलं तेव्हा बाबांनी नर्सबाईंना द्यावं तसं उत्तर दिलं. पण इतकी वर्षं हे तूच विचारत आलीस. तुझ्या तोंडून ऐकलं तर ओळखतील, असं मला वाटतं.

खात्री असती तर फोनवरच सांगितलं असतं.

तुझी,
मिनल