कोणी उभं न राहिलेल्या ओळी

खडू फरशीवर नीट उमटत नव्हता, गुरुजी. शिपायाने व्हरांडा नुकताच पुसला होता. मी वाकून एकेका फरशीवर कवितेची एकेक ओळ लिहीत होते आणि माझी आठवीची मुलं भिंतीला टेकून बघत होती. धुळ्याच्या या शाळेत हा एक तास मिळावा म्हणून मी मुख्याध्यापकांच्या किती दिवस मागे होते. शेवटी ते म्हणाले, एकदा करून दाखवा, मुलांना गोडी लागली तर शुक्रवारचा शेवटचा तास कवितेला, नाहीतर गणिताला. ओळी लिहून झाल्या. मी कविता दोनदा वाचली आणि तुमच्यासारखंच म्हटलं, "फिरा. पाय थांबतील तिथे थांबा."

पाचोऱ्याजवळच्या आमच्या शाळेला फरशी नव्हती. खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन तुम्ही अंगणातच ओळी लिहायचात. मी चौथीत आहे. मैत्रिणीला खेटून तिच्याच ओळीवर उभी आहे. ती ढकलते, "सरक, हाई मनी शे." मी म्हणते, "तुनी कशी? बठ्ठास्नी शे." ओळ सगळ्यांचीच, असं माझं म्हणणं. तुम्ही जवळ येता. "तुला ही ओळ आवडली, की हिला सोडवत नाही?" मला रडू येतं. तुम्ही समजूत काढत नाही. मग मी एकटी फिरते आणि एका ओळीपाशी थांबते. का थांबलीस, हे तुम्ही विचारत नाही. कोणालाच कधी विचारलं नाही. सगळे थांबले की कविता वरून खाली म्हणायची, ज्याची ओळ त्याने. एखादी ओळ रिकामी राहिली की तुम्ही धोतर सावरत तिच्यावर जाऊन उभे राहायचात. "हिले कोनी नही का? मंग हाई मनी."

माझी मुलं फिरली नाहीत. वर्गातली हुशार मुलगी सरळ शेवटून दुसऱ्या ओळीवर गेली आणि सगळा वर्ग तिच्यामागे. फरशीवर मावेनात म्हणून ढकलाढकली सुरू झाली. मी विचारलं, "इथेच का सगळे?"

"बाई, संदर्भासह स्पष्टीकरणाला हीच येते. गाइडात फुली आहे."

"क्लासच्या सरांनी पण सांगितलंय," मागून कोणी म्हणालं.

बाकीचा व्हरांडा रिकामा होता. मी एका ओळीवर जाऊन उभी राहिले. एका मुलाने, घरच्या माणसाला सांगावं तसं, हळूच सांगितलं, "बाई, ती नाही येत परीक्षेला. इकडे या." त्याला माझी काळजी वाटली होती. मुख्याध्यापक दाराशी आले होते. "काय बाई, लंगडी चाललीय का?" मुलं हसली. मीही हसले. तास गणिताला गेला.

मुलांना मोकळं सोडलं की त्यांना आपोआप काहीतरी आवडतं, असं मला वाटत आलं होतं. तसं नाही. काही कामाचं नसलेलं आवडलं तरी चालतं, हे फार लहानपणी कोणीतरी दाखवून ठेवावं लागतं. आठवीपर्यंत ते राहून गेलेलं असतं, आणि मला ते भरून काढता येत नाही. या मुलांचा यात काही दोष नाही. त्यांना पास व्हायचं आहे.

हे पत्र टाकणार कुठे? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पाचोऱ्याच्या स्टँडवर तुमचं घर विचारलं तर रिक्षावाला मलाच विचारेल, कोण गुरुजी? आणि पोचणार असतं तरी मी टाकलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, पुढच्या शुक्रवारी पुन्हा बाहेर काढ पोरांना. मला ते पुन्हा करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी त्या कवितेचा भावार्थ सांगितला आणि मुलांनी तो लिहून घेतला. सगळ्या माना खाली, वर्ग एकदम शांत. मागच्या बाकावरून एवढंच ऐकू आलं, "बाई, जरा हळू सांगा. सुटतंय."