पलीकडची गार खोली

२४ जुलै, गुरुवार

पावडर, पावडर, पावडर! आरोग्यवाले सकाळीच आले आणि सरळ गोठ्यात शिरले. गव्हाणीखाली, उकिरड्यावर, भिंतीच्या बुडाशी — सगळं पांढरंफटक करून गेले. दोन्ही म्हशी शिंकत होत्या. कांचनबेन — आमच्या घरमालकीण — कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांना म्हशींची काळजी, मला माझ्या लेकीची, यशूची.

चांदीपुरा नावाचा रोग म्हणे. आपल्या नागपूरकडच्या गावाचं नाव. लहान मुलांनाच धरतो, ताप डोक्यात जातो. तालुक्यात कुठेतरी एक मूल गेलं. माशी चावते त्याने — डासाहून बारकी, गुणगुणत नाही, मातीच्या भिंतीच्या फटीत राहते. त्यांच्यातली एक मुलगी जाता जाता मला म्हणाली, "तिराडो पूरी दो, बेन." भेगा बुजवा. बस, एवढंच. पुढच्या घरी गेली.

भेगा! आमची खोली विटांची, वर पत्रा, पण मागून कांचनबेनच्या मातीच्या घराला चिकटवलेली. मधली भिंत त्यांचीच, जुनी, मातीची. बोट जाईल एवढ्या फटी आहेत. आजवर मी त्यावर कॅलेंडर लावून मोकळी झाले होते.

नवऱ्याला, कुणालला, सांगितलं. "पावडर मारली ना? मग झालं." याचं सगळं 'झालं'वर झालेलं असतं. रोज बडोद्यातल्या मांजलपूरहून इथे सावली गावापर्यंत बाईक नको म्हणून आम्ही इथे आलो, कंपनी जवळ म्हणून. घर बघायला आलो तेव्हा याने गेटपासूनचं अंतर बघितलं, भिंत कोणी बघितली नाही. मीही नाही.

२७ जुलै, रविवार

कुणालने सिमेंट-वाळू आणली. दहा वेळा बोलल्यावर. मंगळवारी त्याला सुट्टी आहे, तेव्हा करू म्हणाला. दोन्ही बाजूंनी करायचं — आमच्याकडून आणि कांचनबेनच्या ओरड्यातून, म्हणजे त्यांच्या आतल्या खोलीतून. त्यांनी मान डोलावली. चला.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

माल कालवून तयार, कुणालच्या हातात थापी, आणि कांचनबेन दारात. "आजे ना कराय, बेटा. तमारी तो आजे पांचम छे ने!"

तोंडात मारल्यासारखं झालं. सुट्टीच्या नादात सण आणि भिंत यांची सांगड मी घातलीच नव्हती. सकाळी उठून दिंडं उकडली, विळीला हात लावला नाही, तवा ठेवला नाही — आणि भिंतीतली बिळं बुजवायला निघाले होते! फतेगंजला आईकडे या दिवशी अंगणात खुरपंसुद्धा चालत नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, "एका दिवसाने काय होतंय? उद्या कर."

मी भांडेन असं कुणालला वाटलं होतं. नाही भांडले. माझाच जीव धजेना. कालवलेला माल वाया गेला. दिंडं मात्र कांचनबेनना आवडली. त्यांच्या नातवाने, कुशलने, चार खाल्ली. यशू आणि तो एकाच ताटात जेवले.

३० जुलै, बुधवार

आमच्या बाजूची भिंत संपली! कुणाल कामावर, म्हणून मीच केली. कोपरे, चौकटीच्या कडा, पत्र्याखालची फट, सगळं. वरच्या झरोक्याला दुहेरी जाळी ठोकली. कोपर दुखतंय, पण आज शांत झोप लागेल.

कांचनबेनची बाजू राहिली. आता त्यांची पंचमी यायची आहे. गुजराती नागपाचम आपल्यानंतर पंधरवड्याने — श्रावण तोच, पक्ष वेगळा. त्यांच्या पाणियाऱ्यावर, माठांच्या वरच्या भिंतीवर, नाग काढायचा असतो. तोवर भिंतीला हात लावायचा नाही. "अमारी पांचम पछी करीशुं." माझी पंचमी त्यांनी पाळली, त्यांची मी कशी मोडू?

२ ऑगस्ट, शनिवार

भट्टी झालीय खोलीची! पाऊस नाही, वर पत्रा, आणि वारा यायला मी जागाच ठेवली नाही. पंखा गरम हवा ढवळतो. यशूच्या पाठीवर घामोळं उठलंय, दुपारभर किरकिर. शेवटी कांचनबेन येऊन उचलूनच घेऊन गेल्या — "आपी दे मने. छोकरां ठंडकमां सूई रहे." पोरं गारव्यात झोपतील म्हणे. त्यांच्या ओरड्यात शेणाने सारवलेली जमीन, हातभर जाड भिंती. आत पाऊल टाकलं की माठाच्या पाण्यासारखं गार. यशू आणि कुशल दोघं गोधडीवर गाढ. मलाच तिथे आडवं व्हावंसं वाटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

यशू आजही दुपारी तिकडेच झोपली. आता ती स्वतःच उशी घेऊन निघते. तेवढ्या वेळात माझे दोन ब्लाउज शिवून झाले.

९ ऑगस्ट, शनिवार

यशूने कुशलला राखी बांधली. त्याने ओवाळणीत बिस्किटाचा अर्धा पुडा दिला, अर्धा आधीच खाल्लेला. तिच्या घोट्यावर लाल पुरळ आहे, खाजवते. डास असतील. खोबरेल लावलं.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अंग तापलं. दहा वाजेपर्यंत उलट्या. मी लिंबूपाणी देत बसले. मूर्ख. दुपारी डोळे फिरले, दातखिळी बसली, हातपाय ताठ. मी किंचाळले असणार, कारण सगळी गल्ली गोळा झाली. एकशे आठला फोन कांचनबेनच्या मुलाने केला. बडोद्याला आणलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात. सगळ्या वाटेत मी "यशू, यशू" एवढंच म्हणत होते. तिने एकदाही ओ दिली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वही पर्समध्ये होती म्हणून लिहितेय. आत सोडत नाहीत. काचेतून नळ्या दिसतात, यशू दिसत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घर कच्चं आहे का? मी ताठ मानेने सांगितलं, नाही, विटांची खोली आहे, मातीची भिंत होती तिच्या सगळ्या भेगा मी माझ्या हाताने बुजवल्यात. ते लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "दिवसा कुठे झोपते?"

उत्तर कुणालने दिलं.

मीच खोली बंद केली. मीच ती राहण्यासारखी ठेवली नाही. आणि पोरीला, उशी हातात देऊन, नेमकी तिकडे पाठवली जिथे एकही भेग बुजवली नव्हती. दोन ब्लाउज शिवले म्हणे! आग लागो त्या ब्लाउजना.

१३ ऑगस्ट, बुधवार

कांचनबेन आली. हातात डबा — कुलेर, बाजरीच्या पिठाचा गूळ-तूप घातलेला नैवेद्य. आज तिची पाचम. तो डबा बघितला आणि माझं डोकंच फिरलं. "तुमच्या नागाला घाला! माझी पोर खाल्ली तुमच्या भिंतीने!" कॉरिडॉरमधले सगळे वळून बघायला लागले. मराठीत बोलले, पण तिला कळलं. तिने डबा बाकावर ठेवला, पदराने तोंड पुसलं, गेली.

बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

संध्याकाळी कुणाल कपडे आणायला घरी जाऊन आला. म्हणाला, कांचनबेन ओरड्यात स्टुलावर चढून भिंत लिंपतायत. आमचंच उरलेलं सिमेंट, हाताने. पाणियाऱ्यावर नाग काढलाच नाही. सून सासूला म्हणत होती, बा, आज तरी नको. त्यांनी ऐकलं नाही.

मी म्हटलं, आता काय उपयोग? माझी पंचमी असताना मीही थापी खाली ठेवायला लावली होती, हे मात्र बोलले नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

डोळे उघडत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

तसंच. आई फतेगंजहून डबा घेऊन येते, मी परत पाठवते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई काल रात्रीपर्यंत इथे बाकावर होती. आज बाक रिकामा आहे. मी कोणाला काही विचारलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

यशूने डोळे उघडले! मला आत सोडलं. माझं बोट धरलं तिने, उजव्या हाताने. डावा हात हलत नाही. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, हाताचं आत्ता सांगता येत नाही, वेळ लागेल. घशात नळी होती म्हणून आवाज नाही, नुसते ओठ हलतात. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

कुणाल म्हणतो, परत त्या घरी पाऊल ठेवायचं नाही, मांजलपूरला खोली बघतो, सामान तो एकटा जाऊन आणेल. मी हो म्हटलं. मला त्या बाईचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी कांचनबेनचा फोन. उचलायचा नव्हता, कुणालचा समजून उचलला. कुशलला पहाटेपासून ताप आहे, दोनदा उलटी झाली. "क्यां लई जउं, बेटा? मने तो कंई खबर नथी पडती." कुठे नेऊ, काही सुचत नाही म्हणत होत्या.

तिकडे कुठेही थांबू नका, लिंबूपाणी देत बसू नका, सरळ इथे या म्हटलं. कुणालला यशूजवळ बसवलंय. मी खाली दवाखान्याच्या दारात बसून हे लिहितेय. त्यांची गाडी अजून आलेली नाही.