तुरुंगातला चौथा माणूस

रामदासपेठ, नागपूर
४ मार्च १९७९

आदरणीय चंपतमामांना देवरावचा सविनय जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? पुण्याची थंडी ओसरली असेल. इथे आम्ही ठीक आहोत. आई फारच ठीक आहे, आणि सगळे तिथूनच सुरू झाले.

पुण्याला मुलाकडे जाताना तुम्ही तुमचे शिळाछाप चित्र आमच्याकडे ठेवले (तिकडे ओल धरेल म्हणून). ते सुखरूप आहे असे लिहायला बसलो होतो. ओल धरलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या युरोपी चित्रकाराने नाटकातला तुरुंगाचा प्रवेश काढला: गवतावर बसलेली कैदी मुलगी, तिला सोडवायला आलेला प्रियकर, आणि दारात घाई करणारा त्याचा कपटी मित्र. माणसे तीन. आजवर कोणी मोजली नव्हती. तुमच्या भाचीचे, पुष्पलताचे, दुसरे स्थळ फिसकटले तेव्हा आईने मोजली.

“एका फोटोत तीन माणसं काहून? तीन तिघाडा, काम बिघाडा!”

मी तिला धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. ती म्हणाली, “त्याच्यात तीन जणाच्या फोटोचं काही नाही. असंल तर वाचून दाखव मले.” (मी वाचल्या. नाही.)

मी कॉलेजात गेलो असताना ती चित्र घेऊन नत्थूजींकडे गेली. नत्थूजी चौकटी करतात, आणि कुटुंबाच्या फोटोत राहून गेलेला माणूस मागाहून रंगवून बसवतात. (असा माणूस बहुधा वारलेला असतो.) एक जण कमी करा, असे आई म्हणाली. “कमी केला तर भोक पडते, बाई. एक वाढवून देतो,” ते म्हणाले. आईकडे तुमच्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो होता. नत्थूजींचा हात साफ आहे. आता कोठडीच्या खिडकीखाली, प्रेमिकांच्या मधोमध, गळ्यात झेंडूचा हार घालून तुम्ही उभे आहात. मुलगी तुमच्याकडेच पाहते आहे असे वाटते.

मी ते उतरवणार होतो. तेवढ्यात कोराडीहून मारोतराव आपल्या मुलाला घेऊन पुष्पलताला पाहायला आले. मुलगा तिथल्या वीजकेंद्रात आहे. पुष्पलताने त्याला आणखी चहा हवा का, असे विचारले. आधीच्या दोघांना तिने पाणीही विचारले नव्हते. मी चित्र झाकून उभा होतो.

“बाजूले हो ना गा. पाहू दे त्याइले,” आई म्हणाली.

मारोतरावांनी पाहिले. हे कोण, असे विचारले.

“माहा भाऊ. इंग्रजी नाटकं शिकवे कॉलेजात.”

मारोतरावांनी हार पाहिला. ते उठले, टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. त्यांच्या पाठोपाठ मुलगाही उभा राहिला. मी बोलायला तोंड उघडले. पुष्पलता माझ्याकडे पाहत होती. मी तोंड मिटले.

“एवढ्या शिकल्या घरातली पोरगी. आता आणखी काय पाह्याचं?” जाताना ते म्हणाले. स्थळ ठरले.

रंग निघतो, असे नत्थूजी सांगतात. (कागदही सोबत निघतो.) मला झोप नाही. तुमचे चित्र मी बिघडू दिले, त्याची क्षमा तुम्ही करालच, असे मात्र आता लिहवत नाही.

तुमचा भाचा,
देवराव

ता. क. पुष्पलताचे साक्षगंध येत्या रविवारी आहे. तुम्ही आलेच पाहिजे. फक्त आई म्हणते, स्वतःचे धाकटे भाऊ म्हणून या.

आणखी एक. तुमच्यासाठी दोन मिनिटे स्तब्ध राहूनच कार्यक्रम सुरू करायचा, असा मारोतरावांचा आग्रह आहे. तेव्हा तुम्हीही उभे राहा.