तिसऱ्या रविवारी न झालेली घोषणा

४ जाने., रविवार. भुसावळ
चारला रूथचा फोन. धाकटी बहीण माझी. ती धुळ्याला एकटी, मी इथं एकटी. दर रविवारी चारला बोलतो, विषय ठरलेले: गुडघे, पाणी आलं का, उपदेश कसा झाला. आज म्हणाली, "अक्का, सुलोचनाबाईंचं काही खरं नाही आता. मी जाऊन आले."
"त्यांच्याकडे? तू?"
"हो. हात धरला न् म्हटलं, बाई, मी तुम्हाला माफ केलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. पण मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!"
"बरं केलंस," म्हणाले मी. गॅसवर मेथी होती, ती करपली. कढई घासून घासून हात दुखले.
बरं केलंस म्हणे! जीभ कशी झडत नाही माझी.

७ जाने., बुध.
सुलोचनाबाई काल गेल्या. रूथ मातीला जाऊन आली. रविवारी तोंड उघडलं असतं तर दोन दिवस हातात होते. नाही उघडलं.
लिहून टाकते एकदाचं. आजवर वहीतही लिहायची हिंमत झाली नाही.
रूथचं लग्न ठरलं होतं. मुलगा मास्तर, सज्जन. आमच्या रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार घोषणा व्हायची होती: या दोघांचा विवाह ठरला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. दोन रविवार पार पडले. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. रूथ सासरी गेली की आई माझ्या गळ्यात. मला इथं शाळेत नुकती नोकरी लागलेली, माझंही लग्न जमत आलेलं. डाव्या हातानं चिठ्ठी लिहिली, मुलाला फिट येतात म्हणून. सही नाही. भुसावळचा शिक्का नको म्हणून जळगावला उतरून पेटीत टाकली. एवढी अक्कल होती मेली.
तिसऱ्या रविवारी पाळकांनी घोषणा केलीच नाही. चौकशी करू म्हणाले. मुलाकडचे अपमान झाला म्हणून उठले, ते कायमचे.
आणि जळगावचा शिक्का बघून रूथ म्हणाली, "सुलोचनाबाईच!" आमची शेजारीण. तिचं माहेर जळगाव, त्याच आठवड्यात जाऊन आलेली, आणि हाच मुलगा तिला भाचीसाठी हवा होता. सगळं जुळलं. मी म्हटलं, "असेल बाई."
रूथनं अकरा वर्षं आईचं केलं. न्हाऊमाखू घालणं, कूस बदलणं, सगळं. मग लग्नाचं वय गेलं. मी सुट्टीत साडी घेऊन जायचे.

१ फेब्रु., रविवार
आज प्रभुभोजन. द्राक्षरसाच्या छोट्या ग्लासांचा ट्रे पुढे आला, मी तसाच शेजारणीकडे सरकवला. इतकी वर्षं बिनदिक्कत घेत आले. आज हातच उचलेना.
दारात पाळकांनी गाठलंच. "मावशी, बरं नाही का?"
"ॲसिडिटी."
चर्चच्या पायरीवर, डोळ्यांत डोळे घालून. सराव आहे ना!
ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. देवाला मात्र रोज सांगते, गुळगुळीत झालंय आता ते.

४ फेब्रु., बुध.
पाळक घरी आले. तरुण आहेत, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "ॲसिडिटी कशी आहे?" चोर मेला. सगळं सांगून टाकलं. बिस्किट चहात पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.
प्रार्थना केली त्यांनी. म्हणाले, "मावशी, मनापासून कबूल केलंत, देवानं क्षमा केली. यावर विश्वास ठेवा."
मी म्हटलं, "तुम्ही देवाच्या वतीनं बोललात. रूथच्या वतीनं कोण बोलणार?"
"ते मला बोलता येणार नाही. तुम्हालाच जावं लागेल."
राग आला मला. एवढंसं पोर मला पाठवतंय! ते गेल्यावर मात्र रडले, कितीतरी वर्षांनी. विश्वास ठेवावासा वाटतो. ठेवला की दोन घटकांनी निसटतो.

७ फेब्रु., शनि.
धुळ्याला जाऊन आले. सांगितलं नाही.
चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत वाक्यं पाठ करत होते. दारात रूथ एवढी हरखली की सगळं विसरले. भरीत केलं होतं तिनं, कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. "खा गं, किती वाळलीस!" मी खात बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या, निर्लज्जासारख्या. भिंतीवर आईचा फोटो. निघताना डब्यात भरीत बांधून दिलं.
डबा तसाच ओट्यावर आहे, उघडवत नाही. परतीच्या गाडीत समोरची बाई विचारत होती, माहेरी गेला होता का? हो म्हटलं.

१४ फेब्रु., शनि.
सांगितलं.
जेवणं झाल्यावर ती खाटेवर लसूण सोलत बसली होती. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "रूथ, जळगावची ती चिठ्ठी मी टाकली होती."
आधी हसली. मग माझं तोंड बघितलं. "माले बठ्ठं सांग." रूथ अहिराणीवर आली की समजायचं. बठ्ठं म्हणजे सगळं सांगितलं. आईचं, नोकरीचं, डाव्या हाताचं. 'असेल बाई'चंही.
मला वाटलं, लग्नाचं बोलेल, अकरा वर्षांचं बोलेल. मी ऐकायला तयार होऊन बसले होते. ती म्हणाली, "मग मी त्या बाईला कशाची माफी देऊन आले? जन्मभर तिच्या दारावरून तोंड फिरवून गेले मी. वर मरताना उपकार करून आले! आता माझ्या पापाचं काय, अक्का?"
"तेही माझंच आहे."
"नाही. तेवढं तरी माझं राहू दे."
मी पाया पडायला वाकले, धाकटीच्या. तिनं पाय वर ओढून घेतले.
दारापर्यंत आली. "आते कसाले सांगं माले?" आता का सांगितलंस? एवढंच दोनदा विचारलं. पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "साडेतीनची बस आहे."

२२ फेब्रु., रवि.
चार वाजले, पाच वाजले. मागच्या रविवारीही फोन नाही. मी लावावा का? कुठल्या तोंडानं.
सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. कुणाला वाटतं कोण जाणे. पूर्वी निदान एक बहीण तरी होती.

१ मार्च, रवि.
ट्रे आला. पाळक माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दामच. ग्लास घेतला. लायक आहे म्हणून नाही. लायकी हा विषयच संपलाय माझा. आज तोंड उघडून मागितलं, बस्स. घशाखाली उतरताना ठसका लागला, पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या.
घरी आले, कुलूप काढलं. बोलायला कुणी नाही. खिचडी.

१२ मार्च, गुरु.
रूथचा फोन, भलत्याच वेळी, सकाळी. हॅलो नाही, काही नाही. "शनिवारी ये. सुलोचनाबाईंच्या विजयकडे जायचंय. त्याला मी सांगणार आहे. तू बरोबर पाहिजेस."
"येते."
ठेवला.

१४ मार्च, शनि.
परत आले. पाय सुजलेत. लिहिते आणि झोपते.
विजय घरीच होता. पन्नाशीचा झालाय, आईचंच नाक. रूथनं सुरुवात केली: "विजय, मी तुझ्या आईला चुकीचं समजले रे..." तिला पुढे बोलवेना. मग मी सांगितलं, उभ्यानंच. चिठ्ठी माझी, आळ तुझ्या आईवर आला, आणि तो मी येऊ दिला.
विजय खाली टेकला. मग रूथला म्हणाला, "मावशी, तुम्ही येऊन गेलात ना, त्यानंतर दोन दिवस आई एकच विचारत होती. 'रूथनं मला माफ केलं म्हणे. मी काय केलं होतं रे?' आम्हाला काही सांगता येईना. आठवत आठवतच गेली ती."
रूथनं पदर तोंडात कोंबला. मी हात जोडले. म्हटलं, "विजय, क्षमा कर," आणि ते शब्द एवढे पोकळ वाटले की पुन्हा म्हणवेनात.
"मला आज काही सांगता येणार नाही," तो म्हणाला. बरोबर आहे त्याचं. त्याच्या बायकोनं पाणी आणलं, दोघींनाही दिलं.
बाहेर ऊन मी म्हणत होतं. रूथ पुढे, मी चार पावलं मागे. हमरस्त्यावर ट्रक एकामागून एक, पलीकडे जाता येईना. ती थांबली. मी पोचले तशी तिनं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर तिनं ते लगेच सोडलं नाही. रहदारी होती म्हणूनही असेल. मी विचारलं नाही.